शोधकथेत दैवाला किती वाव द्यावा

अद्भुतरम्य शोधकथा, म्हणजे नायक एखाद्या मोहिमेवर निघतो अशी कथा, लिहिताना दैवाला कथेबाहेर ठेवण्याचा अट्टहास करू नये. नायकाला संकटात लोटण्यासाठी योगायोग खुशाल वापरावा, वाचक तो विनातक्रार पत्करतो. मात्र त्याच योगायोगाने नायकाची सुटका केली, तर लेखकाने हात टेकले, हे त्याच्या लगेच लक्षात येते.

सुटकेसाठी नशीब वापरायचेच असेल, तर इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीतील कोड्यांचा डाव बारकाईने वाचावा. बोगद्याच्या अंधारात चाचपडणाऱ्या नायक बिल्बोच्या हाताला एक थंडगार अंगठी लागते आणि फारसा विचार न करता तो ती खिशात टाकतो. पुढे त्याच अंधारात राहणाऱ्या गॉलम नावाच्या प्राण्याच्या एका कोड्यावर तो अडतो, ‘मला आणखी वेळ दे’ असे ओरडू पाहतो, पण घाबरल्यामुळे तोंडातून ‘वेळ! वेळ!’ एवढेच निघते, आणि कोड्याचे उत्तर नेमके तेच असते. हे निव्वळ नशीब असूनही खपते, कारण त्यातून बिल्बोला फक्त पुढच्या कोड्यापर्यंतची मुदत मिळते.

मोठ्या योगायोगाची किंमत मात्र पात्राने आधीच चुकती केलेली असावी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अखेरीस बिल्बोचा वारस फ्रोडो तीच अंगठी नष्ट करण्यास नकार देतो, गॉलम त्याचे बोट चावून ती हिसकावतो आणि तोल जाऊन तिच्यासकट अग्निदरीत कोसळतो. तोल जाणे हा अपघात खरा. पण गॉलम तोवर जिवंत असतो, कारण ‘द हॉबिट’मध्ये हाती तलवार असूनही बिल्बोने दया येऊन त्याला सोडलेले असते. गंमत म्हणजे ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत ही दया नव्हतीच. हरलेला गॉलम तिथे मुकाट्याने वाट दाखवतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या नव्या कथेत अंगठीचे महत्त्व वाढल्यावर टॉल्किन यांनी ते प्रकरण बदलले आणि ते १९५१ च्या आवृत्तीत आले.

भविष्यवाणीचे तंत्र वेगळे आहे. सटवाईने कपाळी लिहिलेले कोणालाच वाचता येत नाही. कथेतले भाकीतही घडून गेल्यावरच पुरते उलगडेल इतके संदिग्ध ठेवावे. किंवा महाभारतातल्या कर्णाप्रमाणे सारे आधीच सांगून टाकावे: ऐन वेळी विद्या आठवणार नाही, रथाचे चाक जमिनीत रुतेल. हे दोन्ही शाप त्याला स्वतःच्या कृत्यांमुळे, परशुरामांशी बोललेल्या खोट्यामुळे आणि चुकून मारलेल्या गाईमुळे मिळालेले असल्याने, ते कधी फळतील याचीच धास्ती ऐकणाऱ्याला लागून राहते. मला हा दुसरा मार्ग अधिक अवघड वाटतो.

पहिला खर्डा झाला की प्रत्येक योगायोगाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. जो नायकाच्या पथ्यावर पडला असेल, त्याचे बीज किमान दोन-तीन प्रकरणे मागे जाऊन पेरावे, आणि तिथे जागाच सापडत नसेल तर तो योगायोग खोडून टाकावा.