अ‍ॅडम्स घराण्याचा मूळ पुरुष कसा शोधावा?

अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष देणाऱ्या अ‍ॅडम्स घराण्याचा मूळ पुरुष हेन्री अ‍ॅडम्स. १६३०च्या दशकात तो इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला. पण इंग्लंडातल्या कुठल्या गावाहून? त्या दोघांतले पहिले, जॉन अ‍ॅडम्स, यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात त्याच्या नावाचा दगड उभारून त्यावर ‘डेव्हनशायर’ कोरून घेतलं. त्यांचे चिरंजीव, दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, यांनी स्वतः शोध घेऊन एसेक्समधलं ब्रेन्ट्री ठरवलं. दोघेही चुकले. असा शोध घ्यायचा तर याच घराण्यावर हात बसवावा.

सुरुवात मूळ पुरुषापासून करू नका. जॉन अ‍ॅडम्स (जन्म १७३५) पक्के माहीत आहेत, तिथून मागे जा: वडील जॉन, आजोबा जोसेफ, पणजोबाही जोसेफ, मग खापरपणजोबा हेन्री. प्रत्येक सांध्याला बापाचं नाव सांगणारा कागद हवा: जन्मनोंद, मृत्युपत्र, जमिनीचं खत, काहीही. नुसतं आडनाव जुळून भागत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी गावोगावच्या छापील पुस्तकांत मिळतात. मात्र क्विन्सी १७९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्याच ब्रेन्ट्री गावातून (एसेक्समधलं ते वेगळं) वेगळं झालं, तेव्हा त्याआधीचं ब्रेन्ट्रीच्या नावाखाली पाहा.

तारखा उतरवताना सांभाळा. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या नोंदी १६३९/४० अशा जोडसालाने लिहितात.

आता जमिनीची नोंद. २४ फेब्रुवारी १६३९/४० ला बॉस्टनने हेन्रीला माउंट वोलस्टनकडे (पुढच्या ब्रेन्ट्रीच्या परिसरात) ‘दहा डोक्यांसाठी’ ४० एकर दिले, म्हणजे डोई चार एकर. या एका ओळीत घरातल्या माणसांचा आकडा हाती लागतो. दगडावर आठ मुलगे आहेत. मुलगी उर्सुला आणि आईबाप धरले तर अकरा होतात. एक माणूस जास्त का, हे वहीत लिहून ठेवा. असे न जुळणारे आकडेच पुढे वाट दाखवतात. १६४६ चं हेन्रीचं मृत्युपत्रही वाचा. त्यात मुलांची नावं आहेत, आणि पुस्तकं सगळ्या मुलांत वाटावीत असंही सांगितलं आहे. शेतकऱ्याच्या घरात वाटण्याइतकी पुस्तकं!

जहाजांच्या याद्यांत महिने घालवू नका. सतराव्या शतकातल्या फारच थोड्या उरल्या आहेत. अमेरिकेच्या सरकारी याद्या १८२० पासूनच्या.

इंग्लंडात ‘हेन्री अ‍ॅडम्स’ शोधणं म्हणजे पुण्यात ‘रामचंद्र जोशी’ शोधणं. म्हणून एक नाव नको, माणसांचा घोळका शोधा. बायको एडिथ स्क्वायर, शिवाय मुलांची ती सगळी नावं एकाच परिसरात सापडायला हवीत. ती सापडली सॉमरसेटमध्ये: चार्ल्टन मॅकरेलच्या चर्चमध्ये १६०९ साली लग्न, आणि घर जवळच्या बार्टन सेंट डेव्हिडला. हे सविस्तर छापून आलं १९२७ साली. सासरमाहेरची माणसंही तपासा. एडिथची बहीण अ‍ॅन पर्चेस कुटुंबात दिली होती, आणि ते कुटुंब आधीच मॅसॅच्युसेट्सला गेलं होतं. आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वहीत चुलत-आत्ये एकाच पानावर सापडतात, तसंच हे.

क्विन्सीच्या हँकॉक दफनभूमीतल्या त्या दगडाचा फोटो जरूर जोडा, पण ‘पुरावा’ या रकान्यात नको. ‘घरातली समजूत’ असा वेगळा रकाना आखून तिथे ‘डेव्हनशायर’ लिहा.