नाताळचा आनंद 26 तारखेनंतर पण टिकवायचा असेल तर

26 डिसेंबरची सकाळ आठवून बघा. नेवऱ्यांचा, म्हणजे गोव्याच्या करंज्यांचा, डबा अर्धा झालेला, पाहुणे गेलेले, बाल्कनीत नाताळचा स्टार-कंदील आहे पण दिवसाउजेडी त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि मनात एकदम रिकामं रिकामं. मला खूप वर्षं वाटायचं आपला विश्वासच कमी पडतोय. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, घरात मराठी, राहतो म्हापशात, आजूबाजूला कोकणी बोलणारी कॅथलिक कुटुंबं, आणि खरं सांगायचं तर नाताळ टिकवायचा कसा हे मी अर्धं पवित्र शास्त्रातून शिकलो आणि अर्धं शेजारच्या मावशींकडून.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, देवदूताने मेंढपाळांना बातमी सांगितली होती. तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय, ही बातमी. मन आज उदास असलं तरी बातमी खोटी होत नाही ना, मग आनंद मनातून ओढून काढायचा खटाटोप सोडा आणि त्या बातमीकडे परत परत जायची सवय लावा, बाकी सगळं त्यातूनच येतं.

सुरुवात नाताळच्या आधीच. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळची वाट बघण्याच्या काळाचे, चार रविवार असतात आणि आपण ते शॉपिंगमध्ये घालवतो. मावशी गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरतात, तुम्ही पण पेरा. साधारण पंधरा दिवस आधी मूठभर नाचणी रात्रभर भिजत घाला, पसरट डब्यात चार बोटं माती घ्या, वर दाणे पसरा, ओल्या कापडाने झाका. कोंब दिसले की कापड काढा. पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतलंत तर सगळे दाणे एका कोपऱ्यात जमा होतात, माझं पहिल्या वर्षी तेच झालं होतं. आणि रोज पाणी शिंपडताना एकच वाक्य म्हणा, प्रभू, ये. मुलं असतील तर हे काम त्यांनाच द्या. तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावतात, तो आनंदाचा रविवार, म्हणजे वाट बघणं संपलेलं नसतानाच आनंद सुरू होतो, हे मला फार आवडतं. गोठ्यातली गव्हाण मात्र 24 च्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवायची.

24 ला मिस्सा (चर्चमधली कॅथलिक उपासना) किंवा उपासनेला जायच्या आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घरात मोठ्याने वाचा, मोबाईलवर मनातल्या मनात नको. आपल्या भाषेत ही गोष्ट कानांनी ऐकण्याची गोव्याला जुनी सवय आहे, इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांमध्ये रचलं, जवळपास 11 हजार ओव्या, आणि ते 1616 मध्ये इथेच राचोलला छापलं. वाचताना विसावं वचन गाळू नका. मेंढपाळ देवाची स्तुती करत परत गेले, म्हणजे परत कुठे तर त्याच मेंढरांकडे, त्याच थंडीत, त्याच नोकरीवर. त्यांचं काहीच बदललं नव्हतं आणि तरी ते गात होते. 26 तारखेला कामावर जाताना मला तेच वचन लागतं.

कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, वाटताना पहिलं ताट ज्या घरात यंदा कुणी गेलंय तिथे न्या. आमचे पप्पा गेले त्या वर्षी आम्ही स्टार लावला नव्हता. मावशी आल्या, काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा ठेवला, दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट झाकून टेबलावर ठेवलं, आणि मिस्साला जाताना त्यांच्याच घरचा एक छोटा स्टार आमच्या बाल्कनीत लावून गेल्या. आई त्या उजेडात बसून रडली आणि रडता रडताच तिने गीत म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून मी कुणाला 'रडू नका, नाताळ आहे' असं म्हणत नाही. तुम्ही पण म्हणू नका, नुसते जाऊन बसा.

वर्षभरासाठी मी एकच गोष्ट करतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंग्याचा पोंक पोंक ऐकू आला की पाव घ्यायला खाली जाता जाता काल मिळालेल्या तीन गोष्टींसाठी देवाचे आभार मानतो, नावं घेऊन, मोघम नाही. वेगळा अलार्म लावलात तर आठवडाभरात बंद कराल, पण पोदेर रोज येतोच.

आणि ज्या दिवशी काहीच वाटत नाही त्या दिवशी येशूची बातमी सांगत फिरणारे पौल आणि सीला आठवा. फिलिप्पैच्या तुरुंगात, फटके खाल्लेले, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री गात होते (प्रेषितांची कृत्ये 16). पुढे पौलाने 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे लिहिलं ते त्याच गावच्या मंडळीला, आणि लिहिताना तो पुन्हा कैदेतच होता. 'सर्वदा' हा शब्द त्याने उगाच घातलेला नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, उठावंसं वाटत नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा, आणि एका माणसाला तरी सांगा. ते आजारपण आहे, त्यात विश्वास कमी पडल्याचा काही संबंध नाही.

गोठा 26 ला उतरवू नका. 6 जानेवारीला बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं फेस्त (सण) असतं, गोव्यात रेईश मागूशला, चांदरला, कांसावलीला, तोपर्यंत राहू दे. आमच्याकडे राजांच्या मूर्ती रोज थोड्या थोड्या गोठ्याकडे सरकतात, हे काम धाकटीचं. मग सगळं आवरताना नाचणीची माती कढीपत्त्याच्या कुंडीत जाते, आणि पुढच्या वर्षीसाठी मूठभर दाणे बाटलीत भरून आई झाकणावर पेनाने लिहून ठेवते, 10 डिसेंबर, पेरणे.