जामिनाच्या रिस्क स्कोअरवर काम करायचंय? आधी ते शून्य तपासा

खटला उभा राहायच्या आधी आरोपीला सोडायचं की आत ठेवायचं, त्यासाठी जे स्कोअर काढतात त्यात उतरायचं असेल तर पीएसए, कॉम्पास (अमेरिकेत असे स्कोअर काढणारी साधनं) ही नावं कानावर येतीलच, ते सोडतो. मला ज्याने रडवलं तेवढंच सांगतो.

समजा हजार आरोपी. न्यायाधीशांनी सहाशे सोडले, चारशे कोठडीत, बहुतेक जुन्या शिक्षा किंवा हिंसेचा गुन्हा असलेले. सुटलेल्यांपैकी नव्वद जण तारखेला आलेच नाहीत. आता चारशेंचं काय? फाइलमध्ये त्यांच्यापुढे 'गैरहजर: ०' असतं, कारण त्यांना पोलीसच कोर्टात आणून उभं करतात, चुकवणार कुठून! मॉडेल ते शून्य बघतं आणि शिकतं की जुन्या शिक्षा, हिंसेचा गुन्हा असलेला माणूस एकदम गुणी, तारीख चुकवतच नाही. माझा निकाल असाच उलटा यायचा आणि मी कोडमध्ये बग शोधत बसायचो, कोडमध्ये काहीच नव्हतं.

बरं, चारशे काढून टाकले तरी सुटका नाही. उरलेले सहाशे जण न्यायाधीशांनी पारखून सोडलेत, घरचं कोणी आलंय का, वकील काय बोलतोय हे बघून, आणि यातलं एकही तुमच्या कॉलममध्ये नाही. त्याच वयाचा, तेवढेच जुने गुन्हे असलेला पण आत राहिलेला माणूस बाहेर तसाच वागला असता हे कशावरून? याला पक्का उपाय नाही, आधीच सांगतो. केसेस कुठल्या न्यायाधीशाकडे जातील हे जवळपास नशिबावर असेल तर कडक आणि सैल न्यायाधीशांची तुलना करता येते, क्लाइनबर्ग, मुल्लैनाथन या संशोधक मंडळींनी न्यूयॉर्कच्या डेटावर तेच केलंय. तो पेपर (२०१८) सावकाश वाचा, डोक्यावरून गेला तरी घाबरू नका, सगळ्यांच्याच जातो.

दुसरं, तारीख चुकणं म्हणजे फरार होणं नव्हे. कोणाला रजा मिळत नाही, कोणाला तारीखच कळत नाही. एसएमएसने आठवण केली की गैरहजेरी घटते हे न्यूयॉर्कमध्ये प्रयोग करून दाखवलंय. पीएसएमध्ये गैरहजेरी आणि नवीन अटक यांना १ ते ६ असे वेगवेगळे स्कोअर आहेत, ते एकत्र कालवू नका. आणि अटक म्हणजे गुन्हा नाही, पोलीस जिथे जास्त फिरतात तिथे अटका जास्त.

शॉर्टकटवाल्यांबद्दल बोलायलाच हवं. प्रोपब्लिका या अमेरिकन शोधपत्रकारिता संस्थेचा २०१६ चा ब्रॉवर्ड काउंटीचा (फ्लोरिडा) कॉम्पास स्कोअरचा डेटा उतरवायचा, मॉडेल चालवायचं, 'बायस सापडला' म्हणून प्रोजेक्ट लावायचा. अरे, दोन गटांचे मूळ दरच (म्हणजे पुन्हा अटक होण्याचं प्रमाण) वेगळे असले आणि स्कोअर शंभर टक्के अचूक नसला तर एकच स्कोअर दोन्ही गटांत सारखाच खरा ठरावा आणि चुकीने धोकादायक ठरणाऱ्यांचं आणि चुकीने सुरक्षित ठरणाऱ्यांचं, दोन्ही प्रमाणं सारखी राहावीत, हे एकाच वेळी जमत नाही, हे गणितात सिद्ध झालंय. कुठलं सोडायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही. फक्त एयूसी (मॉडेल जास्त धोक्याचा आणि कमी धोक्याचा माणूस किती नीट वेगळा ओळखतं त्याचा आकडा) विचारणारा गाइड मिळाला तर त्याचं ऐका, पण आठवड्यातून एक सकाळ जामिनाच्या सुनावणीला जाऊन बसा, एकेक केस किती झटपट उरकते ते दिसेल.

गणित कच्चं आहे म्हणून मागे हटू नका, ते येतं हळूहळू. डेटा हातात आला की पहिल्याच दिवशी सुटकेची तारीख असलेला कॉलम मागून घ्या, तो नसेल तर मॉडेलला हातच लावू नका.