घडीच्या चाकूसोबत त्याची हकिकतही जपा

फ्रान्समधील लायोल पद्धतीचे सडपातळ घडीचे चाकू जमवताना अडचण अशी येते की, संग्रह दहा-बाराच्या पुढे गेला की कोणता चाकू कुणाकडून आला हे आठवेनासे होते. आणि १८२९ च्या सुमारास लायोल गावी आकाराला आलेले हे चाकू थिएर या दुसऱ्या फ्रेंच गावीही मोठ्या प्रमाणावर बनत आल्यामुळे, पात्यावरचे नाव किंवा स्प्रिंगवर कोरलेली मधमाशीची आकृती पाहून उलगडा होत नाही.

यासाठी चाकू हाती येईल त्याच दिवशी जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख, गाव, देणारी व्यक्ती आणि तो विकत, वारशाने की भेट म्हणून मिळाला, हे लिहावे व चिठ्ठी सुती दोऱ्याने मुठीला सैल बांधावी. शाई दमट हवेत पसरते, तर चिकटपट्टीचा डाग शिंगाच्या मुठीवरून सहजासहजी निघत नाही. चाकू भेट मिळाला की मैत्री तुटू नये म्हणून देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवण्याची फ्रान्समध्ये रीत आहे. ते नाणे कोणते होते हेही जरूर नोंदवावे, कारण अनेक वर्षांनी त्या एका ओळीने तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पात्याच्या बुडाशी असलेल्या ठशाचा फोटो काढून त्याला चिठ्ठीचाच क्रमांक द्यावा.

मात्र चाकू कायमचा चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते, त्यामुळे कार्बन पोलादाचे पाते गंजते आणि पितळेवर हिरवट कळंक चढतो.