नाव सापडत नाही? नेम सर्व्हर हाताळताना या चुका टाळा

सियागंजातली पेढी असो किंवा रामबागेतली एखादी मराठी संस्था, इंदूरमध्ये ज्यांनी स्वतःचा नेम सर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) ठेवला आहे त्यांच्याकडे संकेतस्थळ उघडत नसल्याची तक्रार आली, की तो सांभाळणारा सर्वांत आधी बाइंड (नेम सर्व्हर चालवणारे सॉफ्टवेअर) रीस्टार्ट करतो. माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच आहे. झोन फाइलमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, दोष असताना नुसते रीलोड केले (बाइंड चालू ठेवून फाइल पुन्हा वाचायला लावली), तर बाइंड नवी फाइल नाकारतो आणि मेमरीतल्या जुन्या नोंदींवरून उत्तरे देत राहतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र ती जुनी प्रत नाहीशी होते, नवी फाइल लोड होत नाही, आणि तोवर सुरळीत चाललेली मेलसुद्धा अडखळू लागते. म्हणून आधी नेम्ड-चेककॉन्फ आणि नेम्ड-चेकझोन (अनुक्रमे बाइंडची मांडणी व झोन फाइल तपासणाऱ्या आज्ञा) चालवावे, मग रीलोड करावे, आणि लॉगमध्ये नव्या सिरीयलसह (झोन फाइलच्या आवृत्तीच्या क्रमांकासह) झोन लोड झाल्याची ओळ दिसल्याशिवाय उठू नये.

दोष शोधताना ब्राउझरवर विसंबू नये, कारण मध्ये इतरांच्या कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या उत्तरांच्या प्रती) असतात. डिग (नेम सर्व्हरला प्रश्न विचारणारी आज्ञा) वापरून आपल्या प्रत्येक नेम सर्व्हरला थेट, वेगवेगळे विचारावे आणि उत्तर नीट वाचावे. एनएक्सडोमेन म्हणजे ते नाव झोनमध्ये नाही. सर्व्हफेल म्हणजे बहुधा झोन लोडच झालेला नाही. रिफ्यूज्ड म्हणजे हा सर्व्हर त्या झोनची जबाबदारी घेत नाही किंवा आपल्याला परवानगी नाही. उत्तरच आले नाही, तर फायरवॉल पाहावी. नेम सर्व्हरचे पोर्ट 53 यूडीपीसाठी उघडून टीसीपीसाठी (डेटा पाठवण्याच्या या दोन पद्धती आहेत) बंद ठेवणे ही नेहमीची चूक आहे, आणि तिच्यामुळे मोठी उत्तरे व झोन ट्रान्सफर (दुसऱ्या नेम सर्व्हरकडे झोनची प्रत जाणे) दोन्ही अडतात.

झोन फाइलमधला शेवटचा टिंब विसरला, तर ‘मेल.उदाहरण.इन’ या नावाला झोनचे नाव पुन्हा जोडले जाते आणि नोंद ‘मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन’ अशी होते. फाइल नियमानुसार शुद्धच असल्याने तपासणी अनेकदा हरकत घेत नाही. चेकझोनला मोठ्या डीचा (-D) पर्याय दिला, तर पूर्ण नावे छापली जातात आणि ही दुहेरी शेपटी लगेच दिसते.

सिरीयलकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. सेकंडरी सर्व्हर (झोनची प्रत ठेवणारा) प्रायमरीचा (मूळ झोन फाइल असलेल्या सर्व्हरचा) सिरीयल आपल्याजवळच्या सिरीयलशी ताडून पाहतो आणि तो वाढलेला असेल तरच झोन उतरवून घेतो. नोंद बदलून सिरीयल तसाच ठेवला, तर निम्म्या लोकांना नवे उत्तर मिळते आणि निम्म्यांना जुने. 2025091401 लिहिण्याऐवजी घाईत 2052091401 लिहिले गेले, तर नंतर योग्य आकडा घालून उपयोग होत नाही, कारण सेकंडरीच्या दृष्टीने तो मागचा ठरतो. अशा वेळी चुकीच्या आकड्यात 2147483647 मिळवून 4199575048 हा सिरीयल द्यावा, सगळ्या सेकंडरींनी तो उचलल्याची डिगने खात्री करून घ्यावी, आणि मगच 2025091402 लिहावा. सिरीयलची मोजणी 32 बिटांत गोल फिरत असल्याने हा आकडा आता पुढचा मानला जातो.

गणेशोत्सवाच्या तोंडावर संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवायचे असेल, तर टीटीएल (नोंद इतरांच्या कॅशमध्ये किती सेकंद राहावी तो आकडा) आधीच, निदान जुन्या टीटीएलइतका वेळ राखून, 300 सेकंदांवर आणावा. बदलाच्या क्षणी तो कमी करून काहीच साधत नाही, कारण जुना आकडा लोकांच्या कॅशमध्ये आधीच पोहोचलेला असतो.

ज्यांनी ‘.भारत’ नाव घेतले आहे त्यांनी झोनमध्ये देवनागरी अक्षरे लिहू नयेत. ब्राउझर ते नाव एक्सएन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रूपात बदलून विचारतो, तेव्हा झोनमध्येही तेच रूप हवे.

दोन्ही नेम सर्व्हर एकाच खोलीत, एकाच जोडणीवर ठेवणेही टाळावे. 1997 च्या आरएफसी 2182 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये ते भौगोलिकदृष्ट्या आणि नेटवर्कवरही दूर असावेत, असे स्पष्ट सांगितले आहे. प्रायमरी इंदूरला असेल तर सेकंडरी वडोदऱ्याला, वेगळ्या कंपनीच्या जोडणीवर ठेवता येतो. तसे केल्यावर अलाउ-ट्रान्सफरमध्ये (झोनची प्रत कोणाला द्यायची ते ठरवणाऱ्या बाइंडच्या ओळीत) फक्त त्या सेकंडरीचाच पत्ता लिहावा, आणि रिकर्शन (इतर नावांची उत्तरे शोधून आणून देणे) बाहेरच्यांसाठी दोन्हीकडे बंद ठेवावे.