कोणती तार तुटली की कोण थांबतं?

नेटवर्किंग शिकायला बसलं की पहिल्याच आठवड्यात फळ्यावर टोपॉलॉजीच्या, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे याच्या, पाच आकृत्या येतात: बस, स्टार, रिंग, ट्री, मेश. मीही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी त्या पाठ केल्या, पेपरात काढल्या, मार्क घेतले. त्यातलं मला काही कळलं नव्हतं, हे तीन वर्षांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या आवारात शिडीवर उभी असताना ध्यानात आलं. खेड्यातून या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

फेब्रुवारीचा शेवट होता. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. काट्यावरच्या खोलीतला कॉम्प्युटर सकाळी ऑफिसशी जोडलेला असायचा आणि दुपारी सुटायचा. "वजन ऑफिसात येऊनच नाही रायलं," एवढीच तक्रार. मी कनेक्टर बदलले, कॉम्प्युटर बदलून पाहिला. शेवटी टेपनं तार मोजली तर ती एकशे चाळीस मीटरच्या आसपास भरली. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर, हे मला तोंडपाठ होतं. पण सिग्नल वाटेत क्षीण होत जातो आणि तांबं तापलं की आणखी क्षीण होतो, म्हणून ती तार सकाळच्या गारव्यात चालायची आणि उन्हात मान टाकायची, हे त्या शिडीवर कळलं. मधल्या प्रेसच्या इमारतीत स्विच, म्हणजे तारा एकत्र जोडून सिग्नल ताजा करून पुढे पाठवणारी पेटी, बसवून तारेचे दोन तुकडे केले आणि काम चाललं. मृगाच्या आधीच्या विजांमध्ये त्याच स्विचचे पोर्ट, म्हणजे तारा खोचायच्या खाचा, जळाले. मग दोन इमारतींमध्ये फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणारी काचेची तार, टाकली आणि दोन्ही टोकांना विजेचा सिग्नल उजेडात आणि उजेडाचा विजेत बदलणारे मीडिया कन्व्हर्टर लावले. काचेतून वीज वाहत नाही. आपल्याकडे उघड्यावरून एका इमारतीतून दुसरीकडे तांब्याची तार नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवसापासून मी आकृतीचं नाव विचारत नाही. विचारते ते एवढंच, की ही तार तुटली तर कोण थांबेल? टोपॉलॉजी या एका प्रश्नात आहे.

बस घ्या. रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळी यंत्रं एकाच कोॲक्सियल (टीव्हीच्या केबलसारख्या) तारेवर बसणार होती. पुढे आलेल्या बारीक कोॲक्सियलमध्ये एका तुकड्याची लांबी 185 मीटर आणि त्यावर जास्तीत जास्त 30 यंत्रं. दोन्ही टोकांना सिग्नल शोषून घेणारा 50 ओहमचा टर्मिनेटर लागायचा. तो निघाला की सिग्नल टोकावर आदळून परत फिरायचा आणि सगळेच बंद. कुठेही सांधा सुटला तरी तेच. म्हणून बस मागे पडली.

स्टारमध्ये प्रत्येकाची तार वेगळी, मधे स्विच. एक तार खारीनं कुरतडली तर एकच जण थांबतो, पण स्विच गेला की सारे. मग मला एक गोष्ट समजत नाही. सगळ्या कॉम्प्युटरांना यूपीएस आणि स्विचचा ॲडॅप्टर मात्र साध्या बोर्डात, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. लाईन गेली की पडदे सुरू, नेटवर्क बंद. नवीन जागी गेलात तर आधी स्विचचा प्लग कुठे आहे ते पाहा.

मेश सगळ्यात भक्कम, पण तारा मोजा. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचं तर 10 यंत्रांना 45 तारा आणि 50 यंत्रांना 1225. म्हणून पूर्ण मेश थोड्याच, महत्त्वाच्या यंत्रांपुरती ठेवतात.

रिंगचं महत्त्व मला रस्त्यानं शिकवलं. तालुक्याहून ग्रामपंचायतींकडे फायबर फांदीसारखी गेली असेल आणि रुंदीकरणाच्या जेसीबीनं ती एका जागी तोडली, तर पलीकडची सारी गावं अंधारात. टोकं वळवून कडं केलं तर एक बाजू तुटल्यावर माहिती दुसऱ्या बाजूनं येते. ग्रामपंचायतींना फायबरनं जोडणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात रिंग धरली आहे, ती याचसाठी.

मात्र हेच कडं साध्या स्विचमध्ये चुकून झालं तर घात होतो. एका पतसंस्थेत झाडझूड करताना कुणीतरी तारेचं लोंबणारं टोक दिसलं म्हणून स्विचमध्ये खोचलं. त्याचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. सगळ्यांना उद्देशून पाठवलेली इथरनेट फ्रेम, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, अशा कड्यात फिरतच राहते, कारण किती फेऱ्यांनंतर थांबायचं हे तिच्यावर लिहिलेलंच नसतं. फ्रेमा वाढत जातात आणि स्विचचे सगळे दिवे एका लयीत लुकलुकायला लागतात. हे दृश्य लक्षात ठेवा, पुढे तुमचे तास वाचतील. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये शोधला. स्विच आपसात बोलून जास्तीची वाट झोपवून ठेवतात आणि चालू वाट तुटली की तिला उठवतात. स्वस्तातल्या स्विचमध्ये ही सोय बहुतेक वेळा नसते.

आता क्लस्टर, म्हणजे एकच काम मिळून करणारे, तारेनं जोडलेले अनेक कॉम्प्युटर. इथे मला पुस्तकाआधी कापूस उपयोगी पडला. बारावीपर्यंत मी सुट्टीत आईसोबत वेचायला जायची. दहा बाया दहा पाती धरतात. शेत लवकर वेचून होतं, पण दहापट लवकर नाही, कारण संध्याकाळी काटा एकच आणि मोजून घेणारा एकच. क्लस्टरमध्ये हेच होतं. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला हिशोब असा: कामाचा दहावा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर हजार कॉम्प्युटर लावले तरी काम दहापटीपेक्षा वेगानं होणार नाही.

कॉलेजच्या अडगळीतले सहा जुने कॉम्प्युटर मागून घेऊन आम्ही त्यांवर लिनक्स आणि एमपीआय (यंत्रांना आपसात निरोप पाठवू देणारं सॉफ्टवेअर) टाकलं. मूळ संख्या मोजायचं काम सहा सारख्या तुकड्यांत वाटलं. पहिलं यंत्र केव्हाच मोकळं झालं आणि शेवटचं राबत बसलं, कारण मोठी संख्या तपासायला जास्त भागाकार लागतात. माझी मैत्रीण म्हणाली, "बोंडं एकीच्याच पातीत जास्त आली न वं!" मग संख्यांचे लहान लहान गठ्ठे केले, जो मोकळा होईल त्याला पुढचा गठ्ठा दिला आणि सगळे जवळपास एकाच वेळी संपले. त्यानंतर मोठ्या मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार घेतला, तर सहा यंत्रं एकापेक्षा हळू चालली. हिशोबापेक्षा आकडे पाठवण्यातच वेळ जात होता. क्लस्टर जोडणाऱ्या तारेला एवढा पैसा का ओततात, ते त्या दुपारी समजलं.

1994 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारातल्या साध्या भागांची 16 यंत्रं इथरनेटनं जोडून बेवुल्फ क्लस्टर उभा केला. आमचे सहा त्याच घराण्यातले. त्याच्या तीन वर्षं आधी, 1991 मध्ये, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेत परम 8000 हा महासंगणक तयार झाला होता. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर चिपला (मिळून काम करण्यासाठीच बनवलेल्या प्रोसेसरला) शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते, म्हणजे टोपॉलॉजी थेट चिपपर्यंत पोचलेली. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसऱ्या प्रकारचा क्लस्टर वेगासाठी नसतो, काम बंद पडू नये म्हणून असतो. त्यात दोनच यंत्रं ठेवली आणि मधली तार तुटली, तर दोघांनाही वाटतं समोरचा मेला, आणि दोघंही कारभार हाती घेतात. नोंदींची वाट लागते. म्हणून तिसरं मत ठेवतात आणि बहुमत ज्याच्या बाजूला त्यानंच चालायचं.

सुरुवात करायला फार पैसे लागत नाहीत. क्रिम्पिंग टूल (तारेच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायची पक्कड), टेस्टर, थोडी केबल घ्या आणि पन्नास कनेक्टर वाया गेले तरी चालतील असं धरून बसा. केबलमधल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तो हाताला पाठ झाला पाहिजे. पॅकेट ट्रेसर हे पडद्यावर खोटं नेटवर्क जोडून पाहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्पॅनिंग ट्री सुरू ठेवून तीन स्विचचं कडं करा, एकेक तार काढा आणि कोण थांबतं ते आधी कागदावर लिहून मग पाहा. क्लस्टरसाठी एकाच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सची (एका कॉम्प्युटरात अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) तीन यंत्रं पुरतात. मे महिन्यात खरी यंत्रं कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर थर बसतो.

आणि जिथे काम कराल तिथे पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवा: कोणता पोर्ट, कुठली तार, किती मीटर, कधी टाकली. त्या पतसंस्थेच्या पेटीत माझा कागद अजून आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे दुसराच मुलगा गेला होता. त्यानं फोनवर मला फक्त पोर्टचा नंबर सांगितला.