डायल-अपवर पान लवकर कसे उघडावे

डायल-अप म्हणजे साध्या फोनलाइनवरून मोडेम या यंत्राने इंटरनेटला जोडणे. त्याचा मूळ वेग कोणत्याही सॉफ्टवेअरने वाढत नाही. साधी फोनलाइन माणसाच्या आवाजासाठी बांधलेली असते, सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून जातो. १९९८ साली आलेल्या व्ही.९० मानकाने मोडेमला सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत नेले आणि त्यापुढे ही वाट संपली. त्यामुळे एका लाइनवर हाती दोनच उपाय राहतात: लाइनवर वाया जाणारा वेग परत मिळवायचा, आणि तिच्यातून जाणारा माल कमी करायचा. दुसऱ्या उपायात तंत्रज्ञान खरोखर कमाल करते.

पायरी १: आधी आकडा बघा

जोडणी झाली की संगणक तिचा वेग दाखवतो. तो लिहून ठेवा. हा आकडा बिटमध्ये असतो आणि फाइलचे आकार बाइटमध्ये, म्हणून त्याला आठने भागायचे. ४४ किलोबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेपाच किलोबाइट. एक मेगाबाइटचे पान त्यावर तीन मिनिटे घेणार. हे गणित एकदा मनात बसले की पुढच्या प्रत्येक पायरीचे मोल कळते.

पायरी २: लाइन तपासा

रिसीव्हर उचला, एखादा आकडा दाबून डायल टोन थांबवा आणि शांतपणे ऐका. खरखर किंवा गुणगुण ऐकू आली, तर मोडेमलाही तोच त्रास होतो आहे. घरातले इतर फोन काढून ठेवा, लांबलचक जोडवायर बाजूला करा, मोडेम थेट मुख्य सॉकेटला लावा आणि पुन्हा जोडणी करा. खरखर तरीही राहिली तर फोन कंपनीकडे तक्रार करा. तक्रारीत इंटरनेटपेक्षा ‘लाइनवर आवाज येतो’ यावर भर द्या. मात्र खरखर नसतानाही आकडा ३३.६ किलोबिटच्या वर कधीच जात नसेल, तर वाटेत सिग्नलचे अॅनालॉग-डिजिटल रूपांतर एकापेक्षा जास्त वेळा होत असण्याची शक्यता असते. ते घरातून सुधारता येत नाही, त्यामागे वेळ घालवू नका.

पायरी ३: मोडेमची सेटिंग

मोडेमच्या गुणधर्मांमध्ये त्रुटीसुधारणा आणि कॉम्प्रेशन (मजकूर दाबून लहान करणे) चालू ठेवा. बाहेरून सिरियल पोर्टला जोडलेला मोडेम असेल तर पोर्टचा वेग ११५२०० करा. मोडेम आलेला मजकूर उलगडून संगणकाला देतो, त्यामुळे या दोघांमधला रस्ता फोनलाइनपेक्षा बराच मोकळा लागतो.

पायरी ४: ब्राउझरला उपास घडवा

सर्वात मोठा फरक इथे पडतो. एरवी वाचायचा मजकूर काही किलोबाइटचा असतो. जड असतात ती चित्रे, जाहिराती, स्क्रिप्ट आणि फॉन्ट. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये चित्रे बंद करा आणि लागेल त्या साइटपुरती चालू ठेवा. यूब्लॉक ओरिजिनसारखा ब्लॉकर बसवा. तो जाहिराती अडवतोच, शिवाय ठरावीक आकाराहून मोठी चित्रे आणि साइटवरून येणारे फॉन्ट रोखण्याची सोयही त्यात आहे. फॉन्टची सोय मराठी वाचकाने नक्की वापरावी: जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा जड असतात, आणि वाचण्यापुरता फॉन्ट संगणकात आधीच असतो.

ब्राउझरची कॅशे, म्हणजे आधी आलेल्या फाइलींचा संगणकातला साठा, मात्र पुसत बसू नका. एकदा आलेला लोगो दुसऱ्यांदा तारेवरून येण्याची गरज नसते.

पायरी ५: अॅक्सिलरेटर, पण समजून

‘पाचपट वेग’ अशा जाहिराती ज्याच्या होत असत ते हे तंत्र. तुमची विनंती थेट साइटकडे न जाता मधल्या एका सर्व्हरकडे जाते. तो आपल्या वेगवान जोडणीवरून पान आणतो, मजकूर दाबून लहान करतो, चित्रांचा दर्जा उतरवतो आणि मग ते गाठोडे तुमच्याकडे पाठवतो. मजकूर अनेकदा तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यात पुनरावृत्ती भरपूर असते, म्हणून मराठी मजकूर फार छान दाबला जातो. चित्रे धुरकट दिसतात, पण पान वाचता येते, आणि हा सौदा मला पटतो.

झिप, एमपी३, व्हिडिओ यांना याचा उपयोग नाही, कारण त्या फाइली आधीच दाबलेल्या असतात. त्याहून मोठी अडचण एचटीटीपीएसची. आज बहुतेक साइट कुलूपबंद मजकूर पाठवतात आणि मधल्या सर्व्हरला तो उघडता येत नाही, मग दाबणार काय? काही सेवा त्यासाठी स्वतःचे प्रमाणपत्र संगणकात बसवायला सांगतात. ते बसवू नका. त्यानंतर तुमचा बँकेचा पासवर्डसुद्धा त्या सर्व्हरला वाचता येईल. सुदैवाने बऱ्याच साइट मजकूर आता स्वतःच दाबून पाठवतात, त्यामुळे अॅक्सिलरेटर नसला तरी चौथ्या पायरीवर बरेच काम होते.

पायरी ६: लाइन एका वेळी एकाच कामाला

मागे गुपचूप चालणारे अपडेट आणि क्लाउडवर आपोआप होणारी फाइलींची नक्कल बंद करा. ती निम्मी तार खातात आणि पत्ताही लागत नाही. ईमेलचा प्रोग्राम आधी फक्त शीर्षके आणेल असे ठेवा. मोठी फाइल अर्ध्यावरून पुन्हा सुरू करणाऱ्या डाउनलोड मॅनेजरने रात्री उतरवा. दोन फोनलाइन आणि दोन मोडेम असतील आणि सेवादाता मल्टिलिंक देत असेल, तर दोन्ही जोडण्या एकत्र करून जवळपास दुप्पट वेग मिळतो. खरा वेग वाढवणारा हा एकच मार्ग, पण बिलही दोन लाइनचे येते.

प्रत्येक बदलानंतर तेच एक पान घड्याळ लावून उघडून बघा. या मोजणीपुरती मात्र कॅशे रिकामी करावी लागेल, नाहीतर पान डिस्कवरून येईल आणि आकडा फसवेल.